अण्णांची दुर्बीण आणि एल्कची शिकार

अन्नपूर्णेच्या महाद्वारातले हत्ती कोणा इंदूरकराला ठाऊक नाहीत? हे मंदिर १९५९ साली झाले. पुढे आम्ही ह्याच भागात राहायला आलो, तेव्हा आजच्यासारखी घरांची दाटी नव्हती आणि आमच्या गच्चीवरून ते महाद्वार स्पष्ट दिसे. आमचे वडील, अण्णा, संध्याकाळी रियाज आटोपला की जुनी दुर्बीण घेऊन गच्चीवर जात आणि त्या दगडी हत्तींकडे बराच वेळ पाहत बसत. ‘शिकारीला ह्यापेक्षा चांगले वाहन अजून निघालेले नाही,’ असे ते म्हणत. ‘पेट्रोल नको, आवाज नाही, आणि रस्ता नसला तर स्वतःच करतो.’

अण्णा होळकर दरबारात पखवाज वाजवत. नाना पानशांच्या परंपरेतली विद्या आमच्या आजोबांकडून त्यांच्याकडे आली आणि वयाच्या सोळाव्या वर्षी, १९४२ साली, ते नोकरीत रुजू झाले. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि दरबारची नोकरी संपली. पुढे त्यांनी शिकवण्या केल्या, तेच आज मी करतो. लग्न उशिरा झालेले आणि मी शेंडेफळ, म्हणून माझ्या पिढीत दरबारी कलावंताचा मुलगा म्हणवणारे जे थोडे उरले आहेत त्यांत माझी गणना होते. हे सगळे सांगण्याचे कारण, गेल्या जूनमध्ये रात्री साडेदहाच्या सुमारास आलेला एक फोन.

फोन माझ्या भाच्याचा. तो अमेरिकेत कोलोराडो राज्यात डेन्व्हर शहरी नोकरीला आहे. मला वाटले, ताईच्या प्रकृतीबद्दल विचारील. पण त्याचा आवाज परीक्षेत पहिला आल्यासारखा. ‘मामा, मला एल्कचा परवाना लागला! कचेरीतल्या एका मित्राबरोबर ऑक्टोबरमध्ये जायचे आहे. गाडी कोणती न्यावी आणि दुर्बीण कोणती घ्यावी, ते तू सांग. आणि हो, अण्णा आजोबांची दुर्बीण माझ्याकडे पाठवशील का? तीच गळ्यात अडकवून जावे असे वाटते.’

पखवाज-तबला शिकवणाऱ्या माणसाला हे विचारण्याचे कारण असे की, गेली पंधरा वर्षे मी जवळजवळ दर हिवाळ्यात कान्ह्याच्या जंगलात जातो, आणि भिंगांचे वेड मला लहानपणापासून आहे. घरात ह्याची थट्टा होते. पण बंदूक मी कधी हातात धरलेली नाही, आणि एल्क तर चित्रातच पाहिलेला.

एल्क म्हणजे अमेरिकेतले मोठे हरीण, तिकडच्या आदिवासींच्या भाषेतून आलेले त्याचे दुसरे नाव वापिटी. नर खांद्याशी पाच फूट उंच आणि तीनशे किलोंच्या वर वजनाचा. आपल्याकडे त्याच्या तोडीचे काय म्हणावे? वजनाला सांबर थोडेफार पुरे पडते. पण शिंगांची शान, कळपाने मोकळ्या कुरणात वावरण्याची रीत आणि माजावर आल्यावर रान दणाणून सोडण्याची हौस पाहिली, तर आपला बारशिंगाच त्याच्या जवळचा. मध्य प्रदेशाने ह्याच बारशिंग्याला राज्यपशूचा मान दिला आहे. त्याच्या शिंगांना नावाप्रमाणे बाराच फाटे असतात असे मात्र नाही. दहापासून चौदापर्यंत सर्रास, आणि क्वचित त्याहूनही अधिक.

आधी गाड्यांचे पाहू, कारण भाच्याचा पहिला प्रश्न तोच होता आणि आपल्या संस्थानी लोकांचाही जीव तिथेच अधिक रमे.

ज्यांनी माणिकबागेचे जुने वैभव पाहिले त्यांच्याकडून यशवंतराव महाराजांच्या मोटारींच्या गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. ज्या जर्मन वास्तुशिल्पकाराने माणिकबाग उभारला, त्याच एकार्ट मुथेसियसने महाराजांसाठी आगगाडीचा डबा आणि शिकारीला न्यायचे चाकांवरचे घरही आखून दिले होते. आपल्या शेजारच्या कोट्याचे महाराव दुसरे उमेदसिंह यांनी १९२५ साली बार्कर कंपनीकडून खास शिकारीसाठी रोल्स-रॉईस बांधून घेतली होती. तिच्यावर मोठमोठे शोधदिवे आणि बरोबर तोफेचाही सरंजाम! वाघाच्या वाट्याला असा रणगाडा आला तर वाघाने करावे काय?

पण अण्णांच्या आठवणीतली शिकारीची गाडी ह्यांतली कोणतीच नव्हती. ती होती सामानाची लॉरी. तंबू, देगच्या, धान्याची पोती, कंदील आणि त्यांच्यावर बसलेली गाणारी-वाजवणारी मंडळी. कारण मुक्कामावर रात्री बैठक व्हायचीच. अण्णा पखवाज घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेत, म्हणजे धक्के पखवाजाला न बसता त्यांना बसत. मुक्कामावर पोचले की पहिले काम मुदपाकखान्यात जाऊन डाव्या पुडीसाठी कणीक मागायचे. दिवसा मात्र साजाला हात लावायची मनाई. रानात आवाज फार लांब जातो. सूर मिळवायला परवानगी नाही आणि संध्याकाळी बैठकीला बसताच सगळे सुरात हवे, ह्या अडचणीबद्दल अण्णा म्हातारपणापर्यंत कुरकुरत.

मग महायुद्ध संपले आणि जीप आली. मला विचाराल, तर हिंदुस्थानातल्या जनावरांचा खरा काळ तोफवाली रोल्स-रॉईस नव्हे. ही हलकी, स्वस्त, कोठेही घुसणारी जीप. महाराजांची शिकार म्हणजे वर्षातून काही दिवसांचा सोहळा, आणि त्यांचे रान राखीव असल्यामुळे इतरांना तेथे मज्जाव. जीप आणि बॅटरीवरचा शोधदिवा हाती आल्यावर मात्र कोणीही रात्री निघावे, दिव्याने हरणाचे डोळे दिपवावेत आणि गोळी घालावी. चौथ्या-पाचव्या दशकानंतर जी वाताहत झाली तिचा हिशेब पाहा. कान्ह्यात बारशिंग्याची जी कठीण जमिनीवर राहणारी जात आहे ती जगात दुसरीकडे कोठेही उरली नव्हती, आणि १९७० साली तिची मोजदाद झाली ती अवघी सहासष्ट! एका लग्नाच्या पंगतीत ह्याहून अधिक पाने मांडतात. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि आपल्याकडची शिकार संपली. आपल्या इंदुराजवळचे रालामंडळ, होळकरांची शिकारगाह, १९८९ पासून अभयारण्य आहे.

तर भाच्याला सांगायचे काय? मी चौकशी केली, त्याच्याकडूनच तिकडचे नियम मागवून वाचले, आणि लक्षात आले की तिकडे गाडीचे गणित आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. गाडीतून गोळी झाडणे तिकडे गुन्हा. सार्वजनिक रस्त्याच्या आरपार झाडणे हाही गुन्हा. सरकारी रानातही गाडी ठरलेल्या वाटांवरूनच न्यायची, नकाशात नसलेल्या वाटेवर चाक घालायचे नाही. म्हणजे गाडी शिकारीसाठी नाहीच. ती पायथ्याशी पोचण्यासाठी आणि परत येण्यासाठी. मग चारही चाकांना जोर देणारी गाडी कशाला हवी? तर ऑक्टोबरात आठ-दहा हजार फुटांवर सकाळी कोरडा असलेला मातीचा रस्ता दुपारी बर्फाने झाकतो आणि उन्हाने त्याचाच चिखल होतो. गाडी किती वेगाने जाते ह्यापेक्षा चाकांच्या साखळ्या बरोबर आहेत का, फावडे आहे का, जास्तीचे एक चाक, ओढून काढायचा दोर, दोन दिवसांचे अन्न, ह्यांना महत्त्व. भाड्याने मिळणारी चकचकीत गाडी बहुधा शहरी टायरांची असते; तिच्यापेक्षा मित्राची दहा वर्षांची जुनी पिकअप बरी, असे मी त्याला कळवले.

आणि दुसरा हिशेब मांसाचा. मारलेला एल्क तिकडे रानात टाकून येता येत नाही. खाण्याजोगे मांस आणलेच पाहिजे असा कायदा आहे, आणि तो मला फार आवडला. एका मोठ्या नराचे हाडे काढलेले मांसही शंभर किलोंच्या आसपास भरते. ते पाठीवर घेऊन, गाडी असेल तेथपर्यंत, डोंगर चढत-उतरत आणायचे. दोघे असले तरी दोन-तीन खेपा. गाडीपासून चार मैलांवर नर दिसला, तर बंदूक उचलण्याआधी माणसाने आपल्या गुडघ्यांना विचारले पाहिजे. ‘तुझी गाडी म्हणजे मुळात तुझे पाय,’ असे मी लिहिले. भाच्याने उत्तरादाखल हसरे चित्र पाठवले. दुसऱ्या दिवसापासून तो रोज जिना चढण्याचा व्यायाम करू लागला, हे मागाहून कळले.

आता भिंगे. इथे वाचकांची थोडी क्षमा मागतो, कारण ह्या विषयावर मी सुरू झालो की घरचे लोक उठून जातात.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. आठ आणि बेचाळीस, दहा आणि बेचाळीस, असे. पहिला आकडा जनावर किती पट जवळ दिसेल हे सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. नवखा माणूस पहिल्याच आकड्यावर भाळतो: दहापट, बारापट, सोळापट! पण हाताची थरथरही तितकीच पट वाढते हे तो विसरतो. द्रुत लयीची हौस असणाऱ्या विद्यार्थ्यासारखेच हे आहे. हात बसलेला नसताना लय वाढवली की बोल पुसट होतात. खरी गंमत दोन आकड्यांच्या भागाकारात आहे. बेचाळीसला आठाने भागा, सव्वापाच येतात. डोळ्याकडच्या भिंगातून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका तेवढी जाड. विशीतल्या माणसाची बाहुली अंधारात सातएक मिलिमीटर उघडते, माझ्या वयाला पाचाच्या आसपास. दिवसा हा हिशेब बिनकामाचा, कारण उन्हात बाहुली आकसलेलीच असते. पण हरणे बाहेर पडतात ती झुंजूमुंजू आणि दिवेलागणीला, आणि तेव्हा ह्या एकदोन मिलिमीटरांवर सगळे ठरते.

अण्णांची दुर्बीण आठ आणि तीस. झाईस कंपनीची, जर्मनीतल्या येना गावची, युद्धाच्या आधीची. भागाकार पावणेचार. शिवाय त्या काळच्या भिंगांवर आजच्यासारखा निळसर-जांभळा लेप नसे. तो लेप झाईसच्याच स्माकुला नावाच्या शास्त्रज्ञाने १९३५ साली शोधला आणि लढाई संपेपर्यंत तो सर्वसामान्यांच्या हाती आला नाही. लेपाशिवाय काचेच्या प्रत्येक पृष्ठाशी शंभरातला चार-पाच भाग प्रकाश मागे फिरतो, आणि अशी दहा पृष्ठे ओलांडून तो डोळ्यापर्यंत येतो. म्हणजे तिसरा हिस्सा वाटेतच गळाला. तिची नळी हवाबंद नाही. थंडीत बाहेर आणि तंबूत ऊब, अशी चार वेळा ये-जा झाली की आतून धुके धरणार. आपल्या पावसाळ्यांनी तिच्या एका लोलकावर बुरशीची नक्षीही काढली होती.

मी ती दुरुस्तीला नेली. राणीपुऱ्याच्या बाजूला एका गल्लीत एक वयस्क कारागीर आहेत, शाळा-कॉलेजांची सूक्ष्मदर्शके दुरुस्त करतात. त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि लगेच खाली ठेवली. ‘मास्टर साहब, इसकी एक आँख पूरब जा रही है, एक पच्छिम.’ दोन्ही नळ्या एकाच बिंदूकडे पाहत नसल्या की पाहणाऱ्याचे डोळे ती तफावत सांधायला झटतात आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकते. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारांत केसाएवढा फरक राहिला म्हणजे गाणाऱ्याची जी अवस्था होते तीच. ऐकणाऱ्याला काही कळत नाही, पण गाणारा दमतो. त्या गृहस्थांनी तीन आठवडे घेतले, बुरशी काढली, जोड मिळवली, आणि पैसे विचारले तर म्हणाले, ‘इतनी अच्छी चीज़ खोलने को मिली, आधा ही दीजिए.’

भाच्याला मी कळवले: दहा आणि बेचाळीसची, हवाबंद, नायट्रोजन भरलेली घे. तिकडे दऱ्या रुंद आहेत, एका धारेवर बसून समोरचा अख्खा डोंगर तासन्‌तास विंचरायचा असतो, तेथे आठपट अपुरी पडेल. ती तिवईवर बसव, म्हणजे हाताची थरथर गेली. अंतर मोजायचे यंत्र हवेच, कारण डोंगरात दरीपलीकडचे अंतर डोळ्यांना नेहमी फसवते. आणि एक गोष्ट कधीही करू नकोस. बंदुकीवरच्या दुर्बिणीतून नुसते पाहण्यासाठी पाहू नकोस. तू जिकडे पाहतोस तिकडे नळी रोखलेली असते, आणि समोर हलणारे ते एल्क नसून कोणाचा तरी मामा असू शकतो. ह्याच भीतीपोटी तिकडे बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी नाहीतर गुलाबी जाकीट आणि टोपी घालणे सक्तीचे आहे.

अण्णांची दुर्बीण मात्र मी पाठवली नाही. ‘अंधारात दिसणार नाही, धुके धरील’ ही कारणे दिली, आणि ती खरीही होती. पण खरे कारण वेगळे होते.

दरम्यान ताईला कळले. ती तणतणत घरी आली. आमच्या घरात मांसाहार नाही असे नाही, सणवार सोडून चालतो. तिचा राग त्यावर नव्हता. ‘अण्णांचा नातू बंदूक घेऊन जनावरामागे धावणार, आणि तू त्याला भिंगे शिकवतोस!’ मी म्हटले, तो रीतसर परवाना काढून जातो, परवाने मोजून दिले जातात, त्या पैशातून ते रान राखले जाते, मारले तर खाणार आहे. आपण बाजारातून आणतो त्यापेक्षा हे काही अधिक पाप नाही. आपल्याकडे सहासष्टांवर आले म्हणून आपला कायदा आपल्याला. त्यांच्याकडे एकट्या कोलोराडोत एल्क लाखांनी आहेत. ताईला हे पटले नाही. मला स्वतःला पटले होते का, ते मी तिला सांगितले नाही.

कारण मला बडवाहची गोष्ट ठाऊक होती. ती अण्णांनी २००७ साली, जाण्याच्या दोन वर्षे आधी, मला एकट्याला सांगितली.

१९४४ चा हिवाळा. बडवाहच्या पलीकडच्या सागवानी रानात मुक्काम पडला होता. पाहुण्यांपैकी एकाचा नोकर तापाने पडला, तेव्हा तरुण आणि डोळ्यांनी तल्लख म्हणून अण्णांना मचाणावर त्या पाहुण्याजवळ बसवले आणि हाती ही दुर्बीण दिली. सांज झाली. पाहुण्याला काही दिसेना. अण्णांना नाल्याच्या काठी, सागाच्या वाळल्या पानांमागे, एक सांबर दिसले, मोठा नर. त्यांनी बोट दाखवले. पाहुण्याने झाडांमागची काळी आकृती पाहून गोळी झाडली. उजेड पुरेसा नव्हता. अण्णांनी दुर्बिणीतून पाहिले ते सांबर मागचा एक पाय लोंबत असलेले, तीन पायांवर नाल्यात उतरत होते. उतरण्यापूर्वी ते थांबले आणि मागे वळून पाहू लागले. ‘आठपट जवळ,’ अण्णा म्हणाले. ‘माझ्याकडेच.’ दोन दिवस माग काढणारे हिंडले, सांबर सापडले नाही. निघताना त्या पाहुण्याने खूश होऊन दुर्बीण अण्णांना बक्षीस दिली. दरबारच्या पाहुण्याचे बक्षीस अठरा वर्षांच्या पखवाजियाने नाकारावे, अशी सोय नव्हती.

त्यानंतर अण्णांनी तिच्यातून जिवंत जनावर कधी पाहिले नाही. दगडी हत्ती पाहिले.

डिसेंबरात भाचा आला. मी त्याला चार दिवस मागून घेतले आणि रात्रीच्या गाडीने जबलपूर, तेथून मंडल्यावरून खटियाला पोचलो. कान्ह्यात गाडी निवडण्याचा प्रश्न नसतो. आपली मोटार दरवाज्याबाहेर. आत न्यायची ती उद्यानात नोंदलेली उघडी जिप्सी, चालक आणि वाटाड्या बरोबर. मारुतीने सर्वसामान्यांसाठी ह्या गाड्या करणे केव्हाच थांबवले, तरी जंगलात त्या अजून जीव धरून आहेत. हलकी, अरुंद, उंच, आणि उघडी असल्यामुळे कान मोकळे. फक्त एक सांगतो, कोणी जाणार असाल तर चालकाला थांबल्यावर इंजिन बंद करायला सांगा. इंजिन सुरू असले की सगळी गाडी बारीक कापत असते आणि जगातली सर्वांत महाग दुर्बीणही निकामी. शिवाय ऐकू काहीच येत नाही, आणि डिसेंबरात कान्ह्याला जायचे ते निम्मे ऐकण्यासाठीच.

पहाटे गोधड्या पांघरून निघालो. कुरणावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. सौंफच्या कुरणाशी थांबलो. एके काळी येथे गाव होते. बारशिंग्यांना गवत हवे म्हणून गावे हलवली आणि शेतांच्या जागी गवत वाढले. आज बारशिंगे हजाराच्या आसपास आहेत ह्याचे श्रेय ज्यांना आपण देतो त्यांत त्या उठून गेलेल्या बैगा आणि गोंडांचे नाव फारसे कोणी घेत नाही. आमचा वाटाड्या गोंड होता. भाचा दहापटीची दुर्बीण फिरवत होता, मी अण्णांची आठपटीची, आणि नुसत्या डोळ्यांनी त्यानेच आधी सांगितले, ‘वो रहा.’

नर एकटा उभा होता. शिंगांत उपटलेल्या गवताचे झुबके अडकलेले. माजाच्या दिवसांत हे नर मुद्दाम गवतात शिंगे घुसळतात आणि असा मुकुट मिरवतात. मग त्याने मान उचलून साद घातली. एल्कची साद भाच्याने मला फोनवर ऐकवली होती. मंद्रातून सुरू होऊन एकदम तारसप्तकात शीळ जाते आणि शेवटी खाली येऊन हुंकार. बारशिंग्याची तितकी सुरेल नाही. खरे सांगायचे तर गाढवाच्या ओरडण्याशी तिचे दूरचे नाते आहे. पण त्या थंडीत, धुक्यातून, दुसऱ्या टोकाकडून तिला उत्तर आले तेव्हा अंगावर काटा आला.

वाटाड्या सांगत होता की ह्याच कुरणांतून २०१५ पासून काही बारशिंगे सातपुड्याच्या जंगलात आणि २०२३ साली बांधवगडला नेले. बेशुद्ध न करता, दोन्ही बाजूंनी कापड लावलेल्या, निमुळत्या होत जाणाऱ्या कुंपणातून हळूहळू हाकत थेट लॉरीत चढवायचे, आणि मग प्रवास. मला अण्णांची लॉरी आठवली आणि परतीच्या वाटेवर बडवाहची सगळी हकिकत मी भाच्याला सांगितली.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, ‘तेव्हा सूर्य मावळून किती वेळ झाला होता?’ मला चमत्कारिक वाटले. तेव्हा त्याने आपली गोष्ट सांगितली. त्याची शिकार झाली नाही, एवढेच आम्हांला ठाऊक होते. तिकडे बहुतेक जण रिकाम्या हाताने परततात, म्हणून कोणी अधिक विचारले नव्हते. चौथ्या संध्याकाळी दरीपलीकडे एक मोठा नर बाहेर आला. यंत्राने अंतर दाखवले तीनशे दहा यार्ड. तिकडे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत झाडण्याची मुभा आहे आणि त्यांतली आठ मिनिटे उरली होती. मित्र म्हणाला, झाड. बंदुकीच्या दुर्बिणीत नराचा खांदा आणि मागचे झुडूप एकमेकांत मिसळत होते. ‘मी सहा मिनिटे पाहत राहिलो, मामा. कायद्याने झाडता आले असते. मित्र अजून ह्यावरून बोलतो.’

मी अण्णांची दुर्बीण गळ्यातून काढून त्याच्याकडे दिली. त्याने ती वाटेतल्या एका चितळाच्या कळपावर लावली, दोन्ही नळ्या नीट डोळ्यांवर बसवल्या, आणि परत देताना भिंगावरची धूळ रुमालाने पुसली. ‘अंधुक आहे खरी,’ एवढेच म्हणाला.

दुर्बिणीविषयी त्याने पुन्हा विचारले नाही, मीही विषय काढला नाही. ती सध्या माझ्या कपाटात, कोरड्या डब्यात आहे. येत्या एप्रिलमध्ये तो पुन्हा परवान्यासाठी अर्ज करणार आहे. आईला त्याने हे अजून सांगितलेले नाही. ते काम त्याने माझ्यावर सोपवले आहे. बडवाहची गोष्टही तिला ठाऊक नव्हती. ताई दर रविवारी चष्मा लावून हे पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते.